आभारप्रदर्शन

शाळेत माझं काम ठरलेलं : शेवटचं.
पाहुणे उठायच्या बेतात,
वडापावाच्या वासाने पोरं चुळबुळत,
मागच्या रांगेत खुर्च्या मिटल्याचा खटखट आवाज,
आणि मी माईकपाशी, खिशातली चिठ्ठी उलगडत :
मंडपवाले भोईर, साउंडवाले, वीज मंडळ,
ज्ञात-अज्ञात सर्व हितचिंतक...
घणसोलीच्या शाळेत एकतीस वर्षं
एकही नाव सुटलं नाही माझ्याकडून.
तरी न चुकता म्हणायचो,
"अनवधानाने कुणाचा उल्लेख राहिला असल्यास
मोठ्या मनाने क्षमा करावी."

राहिला होता.

मार्चमध्ये शालन न्हाणीघरात घसरली.
उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर.
तेव्हा कळलं, कोपरखैरण्यात आमच्या नळाला
पाणी साडेपाचला येतं, सहा-दहाला जातं,
आणि सव्वीस वर्षं कुणीतरी त्यासाठी उठतंय.
कचरा न्यायला येते तिला नाव आहे, गयाबाई,
तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं,
म्हणून तिच्याशी उजव्या बाजूने बोलायचं.
आणि माझा चष्मा
रोज रात्री कुणीतरी पुसून ठेवत होतं.
मला वाटायचं, काचा चांगल्या कंपनीच्या आहेत.

एका संध्याकाळी ठरवलं.
घसा साफ केला, सवयीने उभाच राहिलो.
"शालन, मी तुझे मनःपूर्वक..."
तिने भाजीतून मान वर केली.
"छातीत दुखतंय का?"

बसलो खाली.
आपल्याकडे हा शब्द घरात कधी आलाच नाही,
दारात उभा राहतो, पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखा,
पाणीसुद्धा मागत नाही.
आईला म्हटलं असतं, आभारी आहे,
तर दोन दिवस जेवली नसती.

मग सराव सुरू केला, आवाज न करता.
साडेपाचला उठतो. प्लास्टर निघालं तरी उठतो.
तिच्या गोळ्यांच्या डबीचं झाकण
रात्री सैल करून ठेवतो.
सकाळी धारण तलावाला फेरी मारतो,
तिथे एक माणूस कमरेएवढ्या चिखलात
झडपांमधला गाळ ओढत असतो,
थर्माकोल, निर्माल्य, एकेकदा अख्खी गादी.
झडपा तुंबल्या तर भरतीचं पाणी
आमच्या जिन्यापर्यंत यायला वेळ लागणार नाही.
एवढ्या वर्षांत मी त्याला फक्त वास म्हणून ओळखत होतो,
नाकाला रुमाल लावून.
परवा थांबलो. नाव विचारलं.
"कशाला? तक्रार करायचीय?"
नाही म्हटलं, सहजच.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, हसुराम.
आणि पुन्हा वाकला.

रोज जमतंच असं नाही.
गेल्या गुरुवारी टँकर दीड तास उशिरा आला,
मी ड्रायव्हरवर असा ओरडलो
की दुसऱ्या मजल्यावरचं बाळ उठलं.
पाइप ओढताना त्याच्या तळहाताची सालं निघालेली
मला नंतर दिसली, पाणी भरून झाल्यावर.
हे कुठल्या चिठ्ठीत लिहायचं?
माईक नाही. पाहुणे कधीच गेले.
खुर्च्या मिटत असताना
मी एकटाच नावं आठवत उभा आहे,
आणि यादी मागे मागेच जातेय :
प्लास्टर घालणारी ती मुलगी,
जिने शालनच्या बांगड्या न कापता
साबण लावून उतरवल्या.
तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

काल रात्री उशिरा
हळूच उशाकडचा शालनचा चष्मा घेतला.
महिनाभर घेतोय, तिला पत्ता नाही असं धरून.
बनियनचं टोक ओढून काचेवर तोंडाची वाफ सोडली,
गोल गोल पुसत होतो,
तेवढ्यात अंधारातून, कूस न बदलता :

"खणात पिवळं फडकं आहे.
बनियनने ओरखडे पडतात."